लाकडाचा तुकडा, एक स्क्रू आणि दीडशे वर्षं

ओपनर ही वस्तू घरात असते, पण हवी तेव्हा सापडत नाही. मग दाराची कडी, टेबलाची कड, गाडीची किल्ली, चमच्याचा दांडा आणि अगदीच बहाद्दर मंडळी असतील तर दाढा! होस्टेलवर राहिलेल्या प्रत्येकाने यातला एखादा प्रकार केलेला किंवा निदान पाहिलेला असतोच. (दाढांचा प्रयोग करू नका. डेंटिस्टच्या एका व्हिजिटमध्ये शंभर ओपनर येतात.)

तर या वीकांताला मी लाकडी ओपनर करायला घेतला. आमच्या मूर्तिजापुरात कोणी हे ऐकलं असतं, तर सरळ विचारलं असतं, "काहून बाप्पा, बजारात भेटत नाही काय?" भेटतो ना. वीस-तीस रुपयांत भेटतो. पण करता करता प्रश्न पडत गेले. ही वस्तू आली कधी? तिच्याआधी लोक बाटल्या कशा उघडायचे? मग काय, लाकूड बाजूला राहिलं आणि वाचत बसलो. आजचा लेख त्या वाचनाचा, आणि शेवटी ओपनरची कृतीही आहे. घाईत असलेल्यांनी थेट तिकडे जायला हरकत नाही.

सुरुवात सोड्यापासून करू, कारण बाटली घट्ट बंद करण्याची खरी कटकट सोड्याने सुरू केली. १७६७ मध्ये इंग्लंडातल्या लीड्स गावी जोसेफ प्रिस्टलीने बिअरच्या कारखान्यातल्या पिंपांवर तरंगणारा वायू पाण्यात मिसळून पाहिला आणि फसफसणारं पाणी तयार केलं. १७८३ मध्ये जिनिव्हातल्या श्वेप नावाच्या घड्याळजीने तेच पाणी धंदा म्हणून विकायला काढलं. पाणी बनवणं जमलं, पण ते बाटलीत टिकवायचं कसं? आतल्या वायूचा दाब साधारण तीन ते चार वातावरणांइतका असतो. साधं बूच लावलं की ते उडून तरी जातं, नाहीतर वाळून आकसतं आणि वायू हळूहळू निसटतो. मग बूच तारेने बांधा. बाटलीचं बूड गोल करा म्हणजे ती आडवीच राहील आणि बूच ओलं राहील. असे उद्योग पुढची कित्येक वर्षं चालू होते.

यावरचं सगळ्यात देखणं उत्तर शोधलं हायरम कॉड या इंग्रजाने. १८७२ साली त्याने पेटंट घेतलेली बाटली तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. आपली गोटी सोड्याची बाटली! मानेत काचेची गोटी, तोंडाशी आतून रबराची रिंग. बाटली उलटी धरून भरायची, गोटी घरंगळत तोंडाशी येते, आणि सरळ केली तरी आतला वायूच तिला रबरावर दाबून धरतो. म्हणजे जो दाब बूच उडवायचा, त्यालाच कॉडने बुचाच्या पहाऱ्यावर बसवला. हे वाचताना मी खरंच खुर्चीतून उठून एक चक्कर मारली. प्रोग्रॅममधला बग तसाच ठेवून त्याच्यावरच अख्खं फीचर उभं करावं, तसला प्रकार आहे हा.

आणि ही बाटली उघडायला काय लागतं? लाकडाचा ओपनर. एक छोटी टोपी, तिच्या मधोमध खुंटी. टोपी तोंडावर ठेवायची, तळहाताने दणका द्यायचा, गोटी खाली, "फस्स". यात तरफ वगैरे काही नाही, सरळ जोर. जोर किती लागतो, त्याचं गणित अगदी सोपं आहे. तोंडाचं भोक सव्वा सेंटिमीटर व्यासाचं धरलं, तर क्षेत्रफळ साधारण १.२ चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला तीन किलो दाब धरला की गोटी मागे रेटून धरणारा जोर येतो पावणेचार किलोच्या आसपास. बोटाने अवघड, तळहाताने सहज. म्हणून ती टोपी हाताच्या तळव्यात नीट बसेल अशी गोल असते. आता बहुतेक ठिकाणी ती प्लास्टिकची दिसते, पण मूळ वस्तू लाकडाची, लेथवर कातलेली.

ही बाटली इंग्लंडहून जगभर गेली. जपानमध्ये ती 'रामुने' नावाने आजही विकली जाते ('लेमोनेड' या शब्दाचाच तो जपानी उच्चार). उत्तर हिंदुस्थानात ती 'बंटा' झाली, तमिळनाडूत 'गोली सोडा', आपल्याकडे गोटी सोडा. महाराष्ट्रात सोड्याच्या धंद्यात पारशी आणि इराणी मंडळी आधीपासून होती. मुंबईच्या पालनजींचं नाव १८६५ पासूनचं, पुण्यातल्या अर्देशीरांचं १८८४ पासूनचं, आणि मुंबईचं ड्यूक्स १८८९ चं.

आता वऱ्हाडाकडे येऊ. तिकडे या काळात काय चाललं होतं? १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर पडली. १८६७ मध्ये भुसावळहून निघालेली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. मूर्तिजापूर याच लाईनवर. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खुद्द खामगावला आले आणि तिथल्या कापूस बाजाराचं आणि रेल्वेफाट्याचं उद्घाटन झालं. कापसासाठी व्हाइसरॉय खामगावला! यावरून त्या बोंडांची किंमत समजा.

मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरहून दोन बाजूंना नॅरोगेज लाईन गेल्या. एक दक्षिणेकडे यवतमाळला, ११३ किलोमीटर. दुसरी उत्तरेला अचलपूरला, ७६ किलोमीटर. हीच आमची शकुंतला. रुळांमधलं अंतर अडीच फूट, मालकी किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या छत्राखालच्या कंपनीची, आणि काम एकच, आतल्या तालुक्यांतला कापूस मोठ्या लाईनवर आणून टाकायचा. तिथून तो मुंबईला, आणि मुंबईहून बोटीने मँचेस्टरला. गंमत म्हणजे शकुंतलेचं वाफेचं इंजिनही १९२१ साली मँचेस्टरमध्येच बनलेलं होतं. ते १९९४ च्या एप्रिलपर्यंत धावलं, मग डिझेल आलं. स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं लाईनची मालकी कंपनीकडेच आणि गाडी चालवायची भारतीय रेल्वेने, असा अजब कारभार होता. २०१० च्या दशकात गाडी थांबली.

तुम्ही म्हणाल, ओपनरच्या लेखात शकुंतला कुठून घुसली? मूर्तिजापूरकराच्या कुठल्याही लेखात ती घुसतेच, एक. आणि दोन, तिचा संबंध आहे. कापूस आमचा, पण त्याचं सूत दुसरीकडे. रूळ आमच्या शेतांतून, पण मालक दुसरीकडे. इंजिनाचा एखादा भाग मोडला तर तो गावातल्या लोहाराच्या भात्यावर सहजी बनणारा नव्हे. सोड्याच्या बाटलीचंही पहिलं पान असंच आहे. काच बाहेरची, गोटी बाहेरची, भरायचं यंत्र बाहेरचं. पण ती उघडणारी लाकडी टोपी मात्र गावातला कातारी पाच मिनिटांत कातून देऊ शकतो. अख्ख्या यंत्रणेतला तेवढा एक भाग गावाच्या हातात येतो. आणि बाटली रिकामी झाली की परत जाऊन पुन्हा भरली जाते. फेकायचं काहीच नाही. (पोरं गोटीसाठी बाटल्या फोडायची, तो भाग वेगळा.)

आता दुसऱ्या झाकणाची गोष्ट. २ फेब्रुवारी १८९२ रोजी अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरला पत्र्याच्या दातेरी झाकणाचं पेटंट मिळालं. आत पातळ बुचाची चकती, बाहेर पत्र्याचा मुकुट, म्हणून नाव क्राउन कॉर्क. आपल्याकडे पोरांच्या भाषेत बिल्ला. पेंटरच्या बिल्ल्याला २४ दात होते, आजच्याला २१ असतात. खोटं वाटत असेल तर पुढच्या वेळी मोजून बघा. हा बिल्ला स्वस्त, यंत्राने पटापट बसणारा आणि वायू अजिबात न सोडणारा. कॉडच्या बाटलीला मागे टाकायला एवढं पुरेसं होतं.

फक्त एक लोचा होता. बिल्ला हाताने निघत नाही. म्हणून ६ फेब्रुवारी १८९४ रोजी पेंटरनेच ओपनरचंही पेटंट घेतलं. म्हणजे कुलूप आधी आणि किल्ली दोन वर्षांनी! आमच्या धंद्यात याला 'डॉक्युमेंटेशन नंतर देतो' म्हणतात.

याच पेंटरच्या कंपनीत एक सेल्समन होता, किंग कॅम्प जिलेट. पेंटरने त्याला सल्ला दिला की असं काहीतरी शोध, जे लोक एकदा वापरतील, फेकतील आणि पुन्हा विकत घेतील. जिलेटने तो मनावर घेतला आणि १९०४ मध्ये त्याला फेकायच्या पात्याच्या रेझरचं पेटंट मिळालं. आजच्या कितीतरी धंद्यांची कुंडली या एका सल्ल्यात आहे. प्रिंटरची शाई आठवा. दर महिन्याला कापली जाणारी सबस्क्रिप्शन आठवा.

आपल्याकडे बिल्ल्याचं राज्य मोठ्या ब्रँड्सनी आणलं. कोका-कोला १९५० मध्ये भारतात आलं आणि परकीय चलन कायद्याच्या वादात १९७७ मध्ये निघून गेलं. त्याच वर्षी पार्लेने थम्स अप काढलं, आणि सरकारी कंपनीने सालावरूनच नाव ठेवून 'डबल सेव्हन'. १९९३ मध्ये कोका-कोला परत आलं आणि पार्लेचे ब्रँड त्याने विकतच घेतले. गावोगावच्या सोड्याला या मारामारीत जागा कमी होत गेली, कारण बिल्ला लावायला मशीन लागतं, जाहिरातीला पैसा लागतो, आणि लांबवर माल पोचवायला ट्रक लागतात. आम्हा पोरांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. आम्ही बिल्ले गोळा करायचो, दगडाने ठोकून सपाट करायचो, मधे दोन भोकं पाडून दोरा ओवायचो आणि भिंगरी फिरवायचो. फेकायची म्हणून बनवलेली वस्तू पोरांनी फेकलीच नाही. पेंटरसाहेबांना हे कळवायला हवं होतं!

इथे वऱ्हाडाच्या शेजारची एक गोष्ट सांगायलाच हवी. १९३४ मध्ये गांधीजींनी वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला आणि त्याचं काम जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे दिलं. हा गृहस्थ लंडनला शिकलेला चार्टर्ड अकाउंटंट, पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला. म्हणजे आजच्या भाषेत पॅकेजवाला माणूस. तो सगळं सोडून मगनवाडीत घाण्यावरचं तेल, हातकागद, गूळ यांवर प्रयोग करत बसला. १९४५ च्या 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' या पुस्तकात त्याने मांडलेला प्रश्न साधारण असा की, एखादी गोष्ट बनवण्याची पद्धत टिकणारी आहे की संपणारी? कच्चा माल पुन्हा उगवणारा आहे का? पेंटरचा सल्ला आणि कुमारप्पांचा प्रश्न एकमेकांसमोर ठेवून बघा. दोघेही हुशार. एकाला वस्तू लवकर संपायला हवी आहे, दुसऱ्याला ती संपण्याचीच काळजी आहे.

आणि मूर्तिजापूर म्हटलं की गाडगेबाबा आलेच. त्यांचं बालपण आमच्याच तालुक्यातल्या दापुऱ्यात मामाच्या घरी गेलं. मुलीच्या बारशाला दारू-मटणाच्या जेवणाची रीत मोडून त्यांनी गोडाचं जेवण घातलं, ही गोष्ट वऱ्हाडात लहान मुलांनाही माहीत असते. तेव्हा आधीच सांगतो, माझा ओपनर सोड्यासाठी आहे! बाबांच्या हातातलं गाडगं म्हणजे फुटक्या मडक्याचा तुकडा. खायचं भांडंही तेच, पाणी प्यायचंही तेच. त्यांना नावच त्यावरून पडलं. कमीत कमी वस्तूंत जगायचं म्हणजे काय, हे कुमारप्पांनी पुस्तकात लिहिलं आणि बाबांनी हातात धरून दाखवलं.

असो. आता कृती.

लागणारं सामान: १५ सेंटिमीटर लांब, साडेतीन रुंद आणि सव्वादोन जाड असा टणक लाकडाचा तुकडा. गोल डोक्याचा एक स्क्रू, ५ मिलिमीटर जाड आणि २५ लांब. करवत, कानस, ड्रिल, पॉलिश पेपर. फ्लॅटची बाल्कनी आणि शेजाऱ्यांचा संयम.

लाकूड: सागवान किंवा बाभूळ. बाभूळ जास्त चिवट, म्हणून तर तिफण-वखरापासून बैलगाडीपर्यंत सगळं तिचंच व्हायचं. पाइन घेऊ नका, टोक लवकर दबतं. लाकडाच्या रेषा तुकड्याच्या लांबीच्या दिशेने असायला हव्यात. आडव्या असतील तर जोर लावल्यावर तुकडा मोडेल.

माप: एका टोकापासून अडीच सेंटिमीटरवर, रुंदीच्या मधोमध खूण करा. तिथे ३ मिलिमीटरचं भोक आधी पाडा, नाहीतर लाकूड चिरेल. खोली १७ मिलिमीटरच्या आसपास, आरपार नको. मग स्क्रू पिळा, पण पूर्ण नाही. लाकूड आणि स्क्रूचं डोकं यांच्यात साधारण सहा-सात मिलिमीटर फट राहू द्या. बिल्ल्याची उंची तेवढीच असते. नेमकी फट बाटलीवर लावून, स्क्रू अर्धा फेरा मागेपुढे करून ठरवायची. डोकं बिल्ल्याच्या दातांखाली अडकलं पाहिजे आणि लाकडाचं टोक बिल्ल्याच्या माथ्यावर टेकलं पाहिजे. दांडा वर उचलला की झालं.

यामागची तरफ आपल्या ओळखीची आहे. टेकू टोकाला, भार मधे, हात दुसऱ्या टोकाला. अडकित्ता याच जातीचा! टेकूपासून स्क्रू अडीच सेंटिमीटरवर आणि हात साडेबारावर, म्हणजे जोर पाचपट. म्हणून दांडा फार आखूड करू नका. चार बोटं नीट मावतील एवढा हवाच.

शेवटी कडा कानसने गोल करा, पॉलिश पेपर ८०, १२०, २२० या क्रमाने घासा. वर जवसाचं तेल. आपल्या वऱ्हाडात पिकणारंच जवस. हे तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून सुकतं आणि लाकडावर पक्का थर धरतं. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल असं सुकत नाही, चिकट राहतं. पातळ हात द्या, जादा तेल पुसा आणि काही दिवस वाळू द्या. आणि एक महत्त्वाचं: जवसाच्या तेलाने भिजलेला बोळा गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना तो तापतो आणि आपोआप पेट घेऊ शकतो. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

गोटी सोड्याचा ओपनर करायचा असेल तर बाटलीच्या तोंडाचं माप घ्या, खुंटी त्याहून एक-दोन मिलिमीटर बारीक ठेवा म्हणजे वायूला निघायला वाट राहील, आणि ती एका गोल चकतीत घट्ट ठोका. लेथ नसेल तर चाकू आणि कानस पुरतात. वेळ जास्त लागेल, एवढंच.

आता कोणी विचारेल, या सगळ्याचा उपयोग काय? मोठ्या बाटल्या फिरकीच्या झाकणाच्या झाल्या, कॅनला कडी आली, ओपनर तसाही निवृत्तीला आलाय. खरं आहे. पण मला या वस्तूत एक गोष्ट फार आवडली. पेंटरने बिल्ल्याचं पेटंट घेतलं, ओपनरचंही घेतलं, तरी बिल्ला कसा उघडायचा हे त्याला लपवता आलं नाही. बिल्ल्याचं माप जगभर साधारण एकच राहिलं आणि ते कुणालाही पट्टीने मोजता येतं. त्यामुळे बाल्टिमोरचा कारखाना असो की मूर्तिजापूरचा सुतार, ओपनर दोघांनाही करता येतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला ओपन स्टँडर्ड म्हणतो, ते दुसरं काय असतं? आज माझ्या फोनची बॅटरी मला बदलता येत नाही, कारण तो उघडायचा कसा हेच मला कळू नये अशी व्यवस्था आहे. त्या मानाने सव्वाशे वर्षांपूर्वीचा बिल्ला फारच प्रामाणिक म्हणायचा.

आणि हा फरक फक्त हौसेचा नाही. ज्या गावाला आपल्या रोजच्या वापरातल्या वस्तू उघडता येतात, मोडल्यावर जोडता येतात, तिथे सुताराला, लोहाराला, काताऱ्याला काम उरतं. जिथे ते येत नाही, तिथली पोरं पुण्याला येतात आणि वीकांताला बाल्कनीत सुतारकाम करतात.

मी वापरलेला तुकडा आमच्या जुन्या घराच्या चौकटीतला, सागाचा. चौकटीची दिसणारी बाजू रंधा मारून गुळगुळीत केलेली होती. भिंतीत जाणारी बाजू मात्र सुताराने तशीच सोडलेली, वासल्याचे घाव स्पष्ट दिसतात. तिला कोण बघणार म्हणून रंध्याची मेहनत वाचवली असणार. त्या बाजूला मी पॉलिश पेपर लावला नाही, नुसतं तेल दिलं. ओपनर हातात धरला की अंगठा बरोबर त्या घावांवर येतो आणि पकड चांगली बसते.